विलायती कुलूप

अमडापूरच्या पोस्टातल्या बाबूंना कुलपांचा भारी नाद. बंद कुलूप दिसलं, की नाडी पाहावी तसं दोन बोटांत धरत आणि नुसत्या तारेनं उघडत.

बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या लिलावात मी एक विलायती कुलूप घेतलं. एका किल्लीनं ते उघडायचं, दुसरीनं त्याचा गाभाच अख्खा बाहेर यायचा. भाचीच्या लग्नाचा शालू मी ट्रंकेत ठेवला, सोबत दोन्ही किल्ल्याही आतच जपून ठेवल्या आणि कुलूप दाबलं.

लग्नाच्या सकाळी बाबू आमच्या ट्रंकेपुढं तार घेऊन बसले.

"बाराची मोटार आहे," मी म्हणालो.

"हाव," ते कुलपालाच म्हणाले.

"आता नवरीले कुलूपच नेसवा!" बायको मला म्हणाली.

साडेअकराला खट्ट झालं. मी झेपावलो, तोच बाबूंनी कुलूप पुन्हा दाबून बंद केलं.

"काऊन हो?" मी ओरडलो.

"उघडलं, पण कसं उघडलं ते समजलंच नाही ना भाऊ," ते रडवेले होऊन म्हणाले.

मोटार गेली. या माणसाला शिव्या द्याव्यात की पाणी, मला कळेना. शेवटी मीही शेजारी मांडी घातली.

"बाबूजी, मघाशी तार जरा डावीकडं होती."