मामांचं अडलेलं पान

जगात पोथी वाचणारे पुष्कळ आहेत, पण पोथीला इतकं घाबरणारा माणूस आमच्या मामांखेरीज दुसरा नसेल. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा, निवृत्त हेडक्लार्क. घरातली भिक्षुकी त्यांच्या आजोबांबरोबरच संपली. त्यांचा नियम असा, की पानावर लिहिलेलं आचरणात आल्याशिवाय पान उलटायचं नाही. त्यामुळं लोकांची पारायणं आठवड्यात उरकतात आणि मामा अकरा वर्षांत निम्म्यावरही पोचलेले नाहीत. लोभाच्या पानावर होते तेव्हा एका लग्नात त्यांनी जिलबी नाकारली आणि माझ्या ताटाकडं असं बघत बसले, की शेवटी मलाच घास उतरेना. सत्याचं पान चालू असताना आम्ही शहागंजात चादर घ्यायला गेलो. दुकानदार एका बाईंना "रंग जाणार नाही" म्हणून शपथेवर सांगत होता. मामा मधेच म्हणाले, "जातो हो. मागची चादर धुतली आणि माझे तीन सदरे गुलाबी झाले." बाई निघून गेल्या. दुकानदारानं हात जोडले. "चाचा, सच बोलना अच्छी बात है, पण माझ्याच दुकानात कशाला?"

मग 'सगळी माणसं सारखी' हे पान आलं. "हे सोपं आहे," मामा म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीनं बँकेतल्या सहकाऱ्याशी लग्न करायचंय म्हणून सांगितलं. मुलगा सोयगावचा, बौद्ध घरातला. मामांनी साफ नाही म्हटलं. "तुम्ही हो म्हणाल तेव्हाच करीन, पण करीन तर त्याच्याशीच," असं म्हणून मुलगी गप्प झाली. आठ महिने पान जागचं हललं नाही. मामा रोज सकाळी पोथी उघडायचे, तेवढंच वाचायचे आणि मिटायचे. मामी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "पालथ्या घड्यावर पाणी!" मला मामांचा रागही यायचा आणि कीवही.

एका रविवारी मामा माझ्या दारात उभे. "जावईबापू, सोयगावला यायचंय. काही विचारू नका." तिथं मुलाच्या वडिलांनी ओसरीवर सतरंजी अंथरली. मग मामांनी एकदम विचारलं, "तुमच्याकडं रोज काय म्हणतात?"

"पंचशील म्हणतो जी. पाच गोष्टी."

"जमतात?"

ते गृहस्थ जरा घुटमळले. "खरं सांगू का? चार जमत्यात. खोटं बोलू नाय म्हणत्यात, ते बाजारात बैल विकताना लई अवघड जातं."

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आतून पाणी आलं, ते प्याले. भाकरी आली, दोन खाल्ल्या. "म्हणजे आपण दोघं एकाच वर्गातले नापास," ते म्हणाले, "मग सोयरीक व्हायला हरकत काय?"

परतीच्या बसमध्ये मात्र ते खिडकीबाहेर बघत होते. "आठ महिने पोरगी माझ्यासमोर मुकाट जेवत होती हो," एवढंच म्हणाले. स्टँडवर ती आम्हाला घ्यायला आली होती. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माझं चुकलं, बाई." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं.