करुणाबाईंचा शुक्रवारचा तास

कनेरगाव नाक्याच्या शाळेत शुक्रवारी शेवटच्या तासाला नववीच्या वर्गावरून कुणी गेलं, तर त्याला वाटावं, आत बाजार भरलाय. कुणी गाडीवान झालेला असतो, कुणी जात्यावर बसलेली सून, कुणी नव्या मोटारीला लोंबकळणारा क्लीनर. हा करुणा खिल्लारे यांचा इतिहासाचा तास. बाई हिंगोलीहून स्कुटीवर येतात, आणि पुस्तकातल्या राजांवर नि तहांवर त्यांचा फारसा जीव नाही. पहिलं महायुद्ध संपल्यापासून दुसरं सुरू होईपर्यंतच्या मधल्या काळात आपल्या भागातल्या साध्या माणसाच्या घरात काय बदललं, हे त्यांना पोरांच्या तोंडून ऐकायचं असतं. नियम एकच. त्या काळातलं माणूस व्हायचं, आणि त्या माणसाला पुढचं जे माहीत नव्हतं ते बोलायचं नाही.

नियम सांगायला सोपा. पहिल्याच शुक्रवारी बंटी १९३० सालचा शेतकरी होऊन उभा राहिला आणि म्हणाला, आता थोड्याच वर्षांत दुसरं महायुद्ध होणार. वर्गातल्या निम्म्या पोरांनी तोवर इंग्रजाला हाकलून लावलंच होतं. बाईंनी विचारलं, इथं तर निजामाचं राज्य होतं, मग तुम्हाला इंग्रज सापडला कुठं? बंटीनं डोकं खाजवून सांगितलं, वाशीमला गेलतो बाई. वाशीमवर तेव्हा खरंच इंग्रजांचा अंमल होता, त्यामुळे पोरगं सुटलं, आणि बाईंना त्या आठवड्यात दुसरं काही हसायला लागलं नाही.

मुख्याध्यापक अमृतराव सरांना मात्र हसू येत नव्हतं. ते गणित शिकवतात, आणि जगात ज्याचं उत्तर शेवटी एका ओळीत येत नाही त्यावर त्यांचा विश्वास नाही. माणूस भला, पण एकदा मनात घेतलं की घेतलं. शुक्रवारचा तो तास त्यांना गणिताच्या जादा सरावाला हवा होता. बाईंनी बरंच समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी सरांनी तोडगा काढला: पालकांचा मेळावा आहे, त्यात हे तुमचं काय ते दाखवा. पालकांना त्यात काही दिसलं तर तास तुमचा, नाहीतर माझा.

आता घोडामैदान जवळच होतं, आणि बाईंची झोप उडाली. पोरांची सोंगं वर्गात ठीक, पण पालकांपुढे सोंग म्हणजे गॅदरिंग होणार, हे त्यांना कळत होतं. खरं काहीतरी हवं होतं. ते शितल राठोडमुळे सुचलं. शितल बंजारा तांड्यावरची, वर्गात मागच्या बाकावर बसणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी. एकदा बाईंनी विचारलं, तुमच्याकडं जुन्या गोष्टी कोण सांगतं? ती म्हणाली, सांगत नाही कुणी, रडतात.

बाईंना लगेच उमगलं. नोकरीला लागल्या तेव्हा नाक्याच्या स्टँडवर त्यांनी तांड्यावरच्या दोन बायका गळ्यात गळा घालून मोठ्यानं रडताना पाहिल्या होत्या. बाई पाण्याची बाटली घेऊन धावल्या, कोण गेलं म्हणून विचारू लागल्या. बायका थांबल्या, पाणी प्यायल्या, कुणी न्हाई गेलं, बहीण भेटली, असं सांगितलं आणि जिथं सोडलं होतं तिथून पुन्हा सुरू केलं. बऱ्याच दिवसांनी नात्यातली बाई भेटली की सूर लावून रडायचं, आणि त्या रडण्यातच मधल्या काळात काय जन्मलं, काय मेलं, काय विकलं, काय बदललं ते सगळं सांगून टाकायचं, अशी ती रीत. बाईंना तेव्हा ओशाळल्यासारखं झालं होतं. आता वाटलं, अरे, हा तर माझाच तास.

शितलची पणजी सोजराबाई. सोजराबाईच्या आईचं आणि मावशीचं त्या मधल्या काळातलं रडणं म्हातारीला शब्दन् शब्द पाठ होतं, कारण त्या दोघी जन्मभर भेटतील तेव्हा तेच आधी म्हणायच्या आणि मग नव्याची भर घालायच्या. करुणाबाई तांड्यावर गेल्या, चहा झाला, आणि त्यांनी हळूच विषय काढला. म्हातारीनं साफ नकार दिला.

"भेटल्याबिगर कसं रडावं, बाई? रडाया माणूस लागतंय."

मग सख्खी बहीण मिराबाईला बोलवू, बाई म्हणाल्या. ती वाशीमकडच्या तांड्यावर राहते, गुडघ्यांमुळे दोघींची गाठ पडून काही वर्षं झालेली. सोजराबाईनं कपाळावर हात मारला. भेट नसली तरी शितलच्या मोबाईलवर दोघी रोज एकमेकींचं तोंड बघतात, म्हैस व्याली की दुसऱ्या मिनिटाला तिकडं कळतं. पोटात काही साठतच नाही, तर रडू कुठून येणार?

तेव्हा करुणाबाईंनी असा गृहपाठ दिला, जो कुठल्या पुस्तकात सापडणार नाही: मेळाव्यापर्यंत दोघी बहिणींनी फोन करायचा नाही. म्हाताऱ्या कबूल झाल्या खऱ्या, पण त्यानंतर शितलच्या घरात कुणाला सुख लागेना. सोजराबाई भाकरीला नावं ठेवी, सुनेला नावं ठेवी, मोबाईल वाजला की मान वळवी. रोज संध्याकाळी विचारायची, तुझी ती मास्तरीण कधी सोडणार हाय मला? शितल वर्गात येऊन हे सांगू लागली, आणि मागच्या बाकावरची पोरगी हसवते हे वर्गाला पहिल्यांदाच कळलं.

मेळाव्याच्या दिवशी पटांगणात मांडव पडला. पालक आले, सरांचं भाषण झालं, पण मिराबाईचा पत्ता नव्हता. जीप वाटेत पंक्चर झाल्याचा निरोप आला. सरांनी दोनदा घड्याळाकडं पाहिलं. तास हातचा गेला असं करुणाबाईंनी मनातल्या मनात धरूनही टाकलं. तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली, आणि मिराबाई उतरते न उतरते तोच सोजराबाई खुर्चीतून उठून, गुडघे विसरून, तिच्याकडं निघाली. दोघींनी एकमेकींच्या गळ्यात हात टाकले आणि असा सूर लावला की बाभळीवरची पाखरं उडाली.

मांडव हादरला. कुणाचं काय झालं, म्हणून माणसं उठली. अमृतराव सर पाण्याचा पेला घेऊन पळत निघाले, एकशे आठला फोन लावा म्हणून ओरडत. करुणाबाईंनी त्यांना वाटेतच अडवलं. तांड्यावरचे पालक तेवढे निवांत बसून होते.

आधी नवं निघालं. म्हशीचं रेडकू, नातवाचं लग्न, आणि या मास्तरणीनं आमचा फोन बंद केला हेही सुरात आलं. मग आवाज खाली उतरला आणि आईचं रडणं सुरू झालं. शितल माईक घेऊन शेजारी उभी राहिली आणि ओळीमागून ओळ मराठीत सांगू लागली.

"बहिणी, लदेणी गेली, बैलांवर माल लादून मुलूखभर फिरणं गेलं. बैलाच्या पाठीवरचं मीठ आता आगगाडी नेते. धन्यानं बैल नांगराला जुंपला, पण बैल सरळ चालेना, त्याला वाट पाहिजे. सांज झाली की बैल उठून उभा राहतो, आता कुठं जायचं म्हणून. आणि बहिणी, धनीही उभा राहतो."

आधी लोक हसले, मग फेटेवाला एक म्हातारा पालक उठून म्हणाला, आमच्या आज्यालाबी सांजचं असं बसवत नव्हतं. मग दुसरा बोलला, मग तिसरा, आणि मेळावा कुणाच्या हातात राहिला नाही. सर पेला धरून उभेच होते. बऱ्याच वेळानं ते बाईंच्या जवळ येऊन म्हणाले, "शुक्रवार तुमचा. गणिताचं मी सकाळी बघतो."

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण जीपमध्ये बसायच्या आधी सोजराबाई मागं वळली आणि करुणाबाईंच्या गळ्यात हात टाकला. म्हणाली, सगळ्यांचं काढून घेतलंस, तुझं काहून सांगत न्हाईस?

बाईंना सूर येत नव्हता, तशी रीत त्यांच्याकडं नाही. पण त्या म्हातारीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि साध्या आवाजात निघालं ते आजीचं. आजी लहान असताना, त्याच मधल्या काळात, गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीनं बसून ठरवलं की माणसासारखं जगायचं, गावातलं मेलेलं ढोर आता ओढायचं नाही, त्याचं मांसही खायचं नाही. त्या पावसाळ्यात चुलीवर पुष्कळदा नुसतंच पाणी उकळलं. आजी बापावर चिडली, रुसून दारात बसली. तिला फक्त भूक कळत होती.

"पुढचं तिला माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या. "तिची नात शाळेत शिकवणार, हे तिला माहीत नव्हतं."

पोरं भोवती उभी होती, बंटीसुद्धा. अमृतराव सरांच्या हातात तो पेला अजून होता, पण या खेपेला ते पाणी घेऊन पुढं झाले नाहीत. टोपी काढून ते पोरांच्या मागं उभे राहिले आणि ऐकत राहिले.