खोडवा दाखवा

माझ्या बायकोच्या मामांनी आजवर कुणाच्याही शब्दावर काहीही घेतलेलं नाही, आणि त्यात मीही आलो. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा मला बघायला ते बारामतीला आलेच नाहीत. माझ्या थोरल्या भावजयीचं माहेर कोऱ्हाळे बुद्रुकला. तिथं जाऊन त्यांनी एवढंच विचारलं, "तुमची पोरगी माहेरी आल्यावर झोपती किती?" फारशी झोपत नाही, म्हणजे सासरी राबवून घेत नाहीत, असं कळल्यावर मी पसंत पडलो. अजूनही ते मला नावानं हाक मारत नाहीत. पाव्हणं म्हणतात, आणि पाठोपाठ गाडी काढायला सांगतात.

मामांना सगळं लासुर्णं गाव आबा म्हणतं. आसपास कुणाला उसाचं बेणं घ्यायचं असलं की आधी आबांना नेऊन प्लॉट दाखवायचा, असा रिवाजच पडलाय. बेणं विकणारा हौसेनं आपली नव्यानं लावलेल्या उसाची हिरवीगार लागण दाखवतो. आबा तिच्याकडं पाठ करून तंबाखू मळत उभे राहतात. "लागण कुणाचीबी येती. मागं कुणाला बेणं दिलं त्याचा खोडवा दाखवा." ऊस तुटून गेल्यावर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटतो तो खोडवा. बेण्यात दम होता की नुसता दिखावा, ते तिथं कळतं. हे शास्त्र त्यांनी उसापुरतं ठेवलं असतं तर आम्ही सुखात जगलो असतो. पण इंदापुरात जेवायला गेलं की आबा हॉटेलच्या दारात उभे राहून बाहेर पडणाऱ्यांना विचारणार, "काय, पोट बरं हाय का?" मिक्सर घ्यायचा तर दुकानदाराकडून जुन्या गिऱ्हाइकाचा पत्ता घेतला, मला कळंबला नेलं आणि एका अनोळखी बाईंना त्यांच्याच मिक्सरमध्ये शेंगदाण्याचं कूट करायला लावलं. बाईंनी चहा दिला. वर कूटही बांधून दिलं.

जन्मात त्यांनी एकच गोष्ट न तपासता आणली, ती म्हणजे सून. बघायला गेले तेव्हा ती पोरगी म्हणाली, "आदी जेवून घ्या, मग बगा." आबा जेवले आणि चौकशी करायची विसरले. ही आमची वहिनी, माझ्या बायकोच्या मामेभावाची बायको. खाण्याची आणि खाऊ घालण्याची हौस अशी, की त्या घरात पाहुणा उठायचा तो भिंतीला धरूनच.

तिच्याच आतड्याला पीळ पडला. आतडं काळं पडलं, डॉक्टरांनी कापून काढलं, उरलं ते वीतभर. मग रोज तासन् तास शिरेतून अन्न. तरी ती सगळ्यांच्या भाकरी थापायची आणि भिंतीला टेकून आमची तोंडं बघायची. एकदा सहज म्हणाली, "आबा, भूक लागती ओ." त्या दिवसापासून आबा गोठ्यात जाऊन जेवायला लागले. पुढं शिरेतल्या अन्नानं लिव्हरवर सूज यायला लागली, आणि पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतडं बदलावं लागेल.

आबा म्हणाले, "पाव्हणं, गाडी काढा."

पुण्याच्या त्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी संगणकावर रंगीत आलेख दाखवला. आतडं बदललेल्यांपैकी वर्षभरानं किती जण ठीक आहेत त्याचा. आबांनी तो नीट बघितला. "ही लागण झाली. खोडवा दाखवा." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. चाचरत खोडवा समजावून सांगितला. पण डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आलेख बाजूला सारला. "पहिल्या वर्षानंतर काही जण गळतात, आबा. शरीर परकं आतडं नाकारतं. आमचं काम नवं आहे, तिसऱ्या वर्षात पोचलेले थोडेच आहेत."

"तोंडानं किती जेवत्यात? सलाईन किती जणांचं सुटलं? गेलेलं कशानं गेलं? आन ताप आला तर फोन कोण उचलतंय?" डॉक्टरांनी एकेकाचं उत्तर दिलं. बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "मानूस खरं बोलतोय." त्यांच्या तोंडून एवढी स्तुती मी तोवर ऐकली नव्हती. मला तर कधी लाभली नाही.

हॉस्पिटलनं विचारल्यावर साताऱ्याकडचा एक शिंपी भेटायला तयार झाला. आतडं बदलून त्याचं तिसरं वर्ष चालू होतं. आबांनी त्याला समोर बसवून जेवायला लावलं, आणि पहिली भाकरी संपल्यावर दुसरी मागायला लावली. शिंपीदादा जाता जाता म्हणाले, शेजारच्या खाटेवरचा मात्र गेला. आबांनी लगेच त्याच्या गावाचं नाव विचारलं. मी म्हटलं, "आबा, तिथं कशाला?" तर म्हणाले, "जितं लागलं न्हाय तितंच कारण कळतं." त्या घरातली बाई फार बोलली नाही. ताप आला, हॉस्पिटल लांब, दोन दिवस घरच्याच गोळ्या देत बसलो, म्हणाली. परतताना आबा बारामती आल्यावर म्हणाले, "हॉस्पिटलाच्या दाराला लागून खोली बगा. वरीसभर तितंच ऱ्हायचं."

मग त्यांनी स्वतःचं आतडं देऊ केलं. डॉक्टरांनी वय बघून नकार दिला. उभ्या पंचक्रोशीचं बेणं नापास करणारा माणूस स्वतःच नापास झाला. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. आबाच म्हणाले, "बराबर हाय. जून ऊस बेण्याला चालत न्हाय."

मग वहिनीचं नाव प्रतीक्षा यादीत लागलं, आणि एका दुपारी हॉस्पिटलचा फोन आला. कुणीतरी गेलं होतं आणि त्याच्या घरच्यांनी होकार दिला होता. कोण, कुठलं, ते सांगता येत नाही, असं पलीकडची बाई म्हणाली. आता आबा त्या घराचा पत्ता मागणार, असं मला वाटलं. आबांनी कपाळाला हात लावून त्या न बघितलेल्या घराला नमस्कार केला. "पाव्हणं, गाडी काढा."

त्याला आता वर्ष होऊन गेलं. वहिनी लासुर्ण्याला परत आलीय. गोळ्यांचा डबा उशाला असतो, ताप नुसता शंभरला टेकला तरी आबा माझ्या दारात उभे. परवा हॉस्पिटलच्या सांगण्यावरून इंदापूरचा एक बाप आला होता. त्याच्या लेकीला हेच दुखणं. वहिनीनं त्याला आधी जेवायला बसवलं आणि स्वतःही समोर बसून जेवायला लागली. तो बिचारा घास हातात धरून तिच्याकडंच बघत राहिला.

"ह्याच्यावर जाऊ नगा," आबा म्हणाले. "ही अजून लागण हाय. खोडव्याचं कुनी सांगावं?"

"मग तुमी कशाच्या भरवशावर केलं, आबा?" त्यानं विचारलं.

आबांनी पाठ फिरवली नाही, तंबाखूही मळली नाही. भाकरीची दुरडी हळूच सुनेकडं सरकवली.

"तिला भूक लागली व्हती," ते म्हणाले.