फडताळातली बाटली

पालघर जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी लग्न होऊन मी तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यावर आले. त्यानंतर माझी दोन बाळं पोटातच गेली. पहिल्या वेळी सासूबाई म्हणाल्या, आवणीला, भाताची रोपं लावायला चिखलात वाकलीस म्हणून. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, मोटरसायकलवर बसलीस म्हणून. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आई, पाड्यातल्या सगळ्या बाया पोटुशा असताना आवणी करतात, त्यांची बरी टिकतात!" तोंड चालवलं खरं, पण माझ्याच अंगात खोट असेल ही भीती काही जाईना.

तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा डहाणूच्या डॉक्टरीणबाईंनी सलाइन भरलेली छोटी बाटली दिली. "देव करो नि लागू नये. पण लागलीच, तर जे पडेल ते यात घालून लगेच आणा, मुंबईला तपासायला पाठवू. बहुतेक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच गडबड असते. अर्धी आईची, अर्धी बापाची. एखादं जास्त येतं नाहीतर कमी पडतं, मग गर्भ वाढत नाही. त्यात बाईचा दोष नसतो."

हेच मला सासूबाईंना ऐकवायचं होतं, पुराव्यासकट.

बाटली लागली. मी न्हाणीत भिंतीला टेकून पडले होते, सगळं सासूबाईंनीच आवरलं. बाहेर आले तर बाटली ओट्यावर होती तशीच. त्यांनी बाळाला आपल्या जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळून, हळदकुंकू वाहून, परसात केळीखाली पुरलं होतं.

"घरचं पोर बाटलीत घालून एसटीतून फिरवायचं? माणसं आहोत ना आपण?" त्यांचे हात मातीने भरले होते. मी अशी किंचाळले की शेजारीण धावत आली.

मातीत गेलेलं आता तपासता येणार नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आम्हा नवराबायकोचं रक्त पाठवलं, दोघांचंही ठीक निघालं. "म्हणजे दोष गर्भातच असावा. पण खात्रीनं नाही सांगता येणार." अहो, मला तेवढी खात्रीच तर हवी होती! परतताना एसटीत मी पदर तोंडात कोंबून रडले.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी आवणीचं, मोटरसायकलचं पुन्हा कधी नाव काढलं नाही.

मग एकदा फडताळात साखरेच्या डब्यामागे ती बाटली दिसली, धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेली.

"ही कशाला ठेवलीत, आई?"

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "राहू दे गं पोरी. पुढच्या वेळी नाही पुरणार मी. यातच घालून देईन."