गाडी कोनं बनवली?

मी काही लिहावं अशी माझी योग्यता नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे घरचे अर्ज मी लिहितो. अर्जापलीकडे मी अजून काही लिहिलेलं नाही. चुकलं तर माफ करावं. पण माझ्या मामाजींबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं, कारण गोरेगाव (मुंबईचं नव्हे, आमच्याकडचं) ते गोंदिया या रस्त्यावर त्यांच्याइतका संतापलेला माणूस आजवर झाला नाही, आणि त्यांचे निदान निम्मे संताप तरी अगदी बरोबर होते.

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. मला त्याचा फार संकोच वाटतो, पण मामाजी रीत सोडत नाहीत. मी दारात उभा राहिलो की ते वाकतात, आणि वाकलेले असतानाच बोलणं सुरू होतं. "काऊन भाचेबुवा, क्लच अर्धा दाबून गाडी चालवून राहिला होता ना? वळणापासून आवाज ऐकू येऊन राहिला मले." माझ्या पायाला हात लागलेला असतो आणि कान मात्र पिळला जात असतो.

वीस वर्षं त्यांनी प्रवाशांची काळी-पिवळी जीप चालवली. समोरून येणाऱ्या एकाही गाडीबद्दल त्या वीस वर्षांत त्यांनी बरं म्हटलेलं मी ऐकलं नाही. डांबरी रस्त्यावर धान वाळू घालणारे, विनाकारण हॉर्न वाजवणारे, बोलता बोलता मागे वळून पाहणारे, सगळे त्यांचे गुन्हेगार. एकदा एक ट्रॅक्टर उजवा इंडिकेटर लावून सरळ चालला होता. मामाजींनी अकरा प्रवाशांसकट जीप त्याच्या मागे घातली, पार त्याच्या शेताच्या बांधापर्यंत. तिथे इंडिकेटर बंद करायला लावला, आणि मग ते गोंदियाला निघाले. एका बाईंची आगगाडी चुकली. बाई बोलायला लागल्या तर हे म्हणाले, "रेल्वे उद्या बी येते, माय. याच्या मांगून येऊन जो मरनार होता, तो उद्या येत नोयता."

त्याहून मोठा राग गॅरेजवाल्यांवर. "बिघडलं का बदलव, बिघडलं का बदलव. हा मेकॅनिक होय का दुकानदार होय?" स्वतःची जीप ते अंगणात ताडपत्री अंथरून स्वतःच बनवत. आमच्याकडे बिघडलेली गाडी, घड्याळ, पंखा, सगळं 'बनवतात', म्हणजे दुरुस्त करतात. पुण्याकडे बनवतात ते माणसाला, हे मामाजींना फार उशिरा कळलं. तिकडचे एक साहेब रस्त्यात अडकले होते. मामाजींनी बॉनेट उघडलं आणि धीर दिला, "साहेब, सावलीत बसा. दहा मिनिटात बनवतो तुम्हाले." साहेब उसळले, "मला बनवतोस?" मामाजींनी गाडी दहाव्या मिनिटाला सुरू करून दिली, पण तो अपमान आजही ताजा आहे. पुढे माझ्या निबंधातल्या 'गाडी बनवली'वर सरांनी लाल रेघ मारून 'दुरुस्त केली' लिहिलं, ते मी कौतुकानं दाखवायला गेलो. "दुरुस्त कागद होते," ते म्हणाले. "गाडी बनते. सांग तुह्या सरले."

जीपचं मागचं दार जरा उचलून लावावं लागे. प्रवासी ते आपटत, म्हणून मामाजींनी पांढऱ्या ऑइलपेंटनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: दार उचलून लावा. आपटू नका. तुमच्या घरचं नाही होय.

मग एक दिवस डावीकडून आलेली सायकल त्यांना दिसलीच नाही. लागलं कुणालाच नाही. पण डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, समोरचं दिसेल, बाजूचं गेलं ते परत येणार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना रस्त्यावरून हाकलणाऱ्या माणसानं स्वतःला कुणी सांगायच्या आत खाली उतरवलं. जीप सालेकशाकडच्या एकाला विकली. पाने-पकडी बारदान्यात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या. त्यानंतर तिकडचं कुणी भेटलं की एकच प्रश्न: "चालते का माही गाडी?" कुणी म्हणे पाहिली नाही, कुणी म्हणे भंगारात कापली. "खोटं," मामाजी म्हणत. पण मामी सांगायची, असं कुणी बोललं की त्या दिवशी ते एकच भाकर खातात.

त्यांचं मन रमावं म्हणून मी माझ्या लॅपटॉपवरचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम त्यांना लावून दिला. मी तो आठ दिवसांत संपवला होता आणि पैसे फुकट गेले असं म्हणत होतो. मामाजी दोन वर्षांपासून पहिलीच शर्यत खेळत आहेत. ते सिग्नलला थांबतात, वळणावर हॉर्न देतात आणि शेवटचे येतात. "तू खेळ घेतला होता का नुसतं जिंकनं घेतलं होतं?" ते मला म्हणाले. "रस्ता तं पाहिलाच नाई तू. फुकट कसे नाई जाईन पैसे?"

एकदा मागच्या गाडीनं त्यांना ठोकलं. मी बटण दाबलं, आणि चेपलेली गाडी क्षणात कोरी झाली.

"कोनं बनवली?"

"कुणी नाही मामाजी. आपोआप होते."

"आपोआप कशी? कोनी तरी खालत घुसलं असंल ना? तेल लागलं असंल ना हाताले?" त्यांचा आवाज चढला. "बनवनाऱ्याचा पत्ताच नाई. असल्या गाडीत मी नाई बसत." तेव्हापासून ते बटण आमच्याकडे बंद आहे. मामाजी चेपलेलीच गाडी हळूहळू शेवटापर्यंत नेतात.

यंदा सालेकशाजवळच्या कचारगडच्या यात्रेच्या दिवसांत माझ्या वर्गमित्राचा फोन आला. तो सालेकशाचा. पायथ्याशी जीपनं गेला होता, आणि दारावर काहीतरी गमतीचं लिहिलंय म्हणून हसत वाचून दाखवायला लागला. मी त्याला फोटो पाठवायला सांगितलं आणि गोरेगावकडे मोटरसायकल काढली.

मामाजी नेहमीप्रमाणे पाया पडले, नेहमीप्रमाणे बोलले. मग मी मोबाइल त्यांच्या नाकासमोर सरळ धरला. त्यांनी बराच वेळ पाहिलं. अक्षरं त्यांचीच होती, पण नव्या मालकानं त्यांच्यावरून ताजा रंग फिरवला होता.

"'आपटू'चा 'आ' वाकडा केला बयताडानं," ते म्हणाले. मग, "चालते म्हंजे?"

"गच्च भरून चालते. आणि मित्र म्हणाला, मालकानं ठेवलेला ड्रायव्हर सगळ्या प्रवाशांना विचारत होता."

"काय?"

"हे गाडी कोनं बनवली होती म्हणून. इंजिन अजून खोलायची गरज पडली नाही म्हणतो."

मामाजींनी मोबाइल माझ्या हातातून घेऊन पुन्हा नाकासमोर धरला. मामीनं चहा आणला, तो निवला. शेवटी मी निघायला उठलो, तेव्हा ते रीतीप्रमाणे पुन्हा वाकले. मी क्लचची, स्टँडची, कशाची तरी वाट पाहत उभा राहिलो. ते नुसतेच वाकून राहिले.