ऑबडायाच्या बायकोचं नाव

अर्डिस पेक या बाईने आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, आणि त्यातलं एक वाक्य जन्मभर तिच्या मानगुटीवर बसलं.

एकतीस वर्षं ती नॉर्थ वेलफील्डच्या शाळेत स्वयंपाकीण होती. गावातल्या चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने तिच्या हातचा मक्याचा पाव खाल्लाय आणि तिच्या शिव्याही खाल्ल्या आहेत. माहेरची ती थर्ल्बी. या थर्ल्बींचा मूळ पुरुष ऑबडाया, १६३८ साली जहाजातून मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागलेला, कडक धर्माचरणाच्या प्युरिटन पंथाचा. त्याची सगळी कुंडली कागदावर आहे. शेजाऱ्याच्या डुकरावरून तो कोर्टात गेला होता, प्रवचनात घोरला म्हणून त्याला चारचौघांत उभं केलं होतं. त्याच्या अकराही मुलांची नावं मिळतात. त्या अकरा जणांना जन्म देणाऱ्या बाईचं नाव तेवढं कुठेच नाही. मृत्युपत्रात म्हातारा म्हणतो, 'माझ्या बायकोला चुलीजवळची खोली आणि तांबडी गाय.' संपलं.

अर्डिसच्या तळपायाची आग मस्तकात जायची. गाईचा रंग लिहायला शाई होती, बायकोचं नाव लिहायला नव्हती! अमेरिकेच्या स्वातंत्र्याची दोनशे वर्षं साजरी झाल्यावर घरोघरी पूर्वज शोधायचं खूळ शिरलं, तेव्हा तिनेही उन्हाळ्याच्या सुट्टीत चर्चच्या वह्या पालथ्या घातल्या. ऑबडायाच्या शेताला लागून विगिन नावाच्या माणसाचं शेत होतं. त्याला १६३२ साली टॅमसिन नावाची मुलगी झाली होती. वय जुळत होतं. ऑबडायाच्या थोरल्या मुलीचं नावही टॅमसिनच. अर्डिसला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. १९७७ साली तिने शाळेच्या यंत्रावर एकशे वीस प्रती काढल्या आणि त्यात लिहिलं, 'ऑबडायाची बायको बहुधा टॅमसिन विगिन असावी.'

पुढे ज्याने ज्याने ते उतरवून घेतलं, त्याने 'बहुधा' गाळलं आणि 'असावी'चं 'होती' केलं.

२००३ साली कुणाच्या तरी माळ्यावरून एका जुन्या धर्मोपदेशकाची रोजनिशी निघाली आणि वाचनालयात आली. अर्डिस भिंग घेऊन बसली. १६४१ च्या जानेवारीतल्या एका पानावर दोन ओळी होत्या : 'विगिनची टॅमसिन, वय नऊ, तळ्यावरचा बर्फ फुटून बुडाली. आज पुरली.' गावात विगिनचं घर एकच होतं आणि त्या घरात टॅमसिनही एकच. अर्डिसने ते पान चार वेळा वाचलं. नऊ वर्षांच्या मेलेल्या पोरीला तिने अकरा बाळंतपणं करायला लावली होती, आणि खरी बाई मुळात जेवढी पुसली गेली होती त्याहून जास्त पुसून टाकली होती. एक कोरी जागा तिला बघवली नाही, म्हणून हे सगळं झालं होतं.

मग सुरू झाली पत्रं. तोवर सगळ्यांच्या वंशावळी इंटरनेटवर चढल्या होत्या आणि चार हजार सातशे ठिकाणी टॅमसिन ऑबडायाच्या शेजारी मांडी ठोकून बसली होती. अर्डिस एकेकाला लिहायची, की ही चूक आहे, काढून टाका. ओरेगनच्या एका गृहस्थाने उलट कळवलं, 'आपली माहिती श्रीमती अर्डिस पेक यांच्या मान्यवर ग्रंथाशी जुळत नाही.' तिने लिहिलं, 'मीच ती अर्डिस पेक.' त्याचं उत्तर आलं, 'याला काही पुरावा?'

"बघितलंस?" ती नवऱ्याला म्हणाली. "आता मी मीच आहे याचा दाखला आणायचा!"

"अगं, ती बाई मरून साडेतीनशे वर्षं झाली," मर्ल वाटाणे सोलत म्हणाला. "ती तुझ्यावर रुसलेली नाही. सोड की आता."

"तू वाटाणे सोल."

वीस वर्षांत फार तर तिघांनी दुरुस्ती केली. त्यातल्या दोघांच्या मुलांनी ती पुन्हा बिघडवली.

त्यात गेल्या वर्षी थर्ल्बी घराण्याच्या मंडळाने ठरवलं, की जुन्या दफनभूमीत ऑबडाया आणि टॅमसिनच्या नावाचा ग्रॅनाइटचा दगड बसवायचा. कागदावरचं खोडता येतं, कॉम्प्युटरवरचंही कधीमधी बदलतं, पण दगडावर कोरलेलं पुढची तीनशे वर्षं पोरंबाळं वाचणार. अर्डिस काठी टेकत मंडळाच्या अध्यक्षाच्या दारात जाऊन उभी राहिली. अध्यक्ष तिच्या चुलतभावाचा मुलगा, ड्वाइट. त्याने तिला खुर्ची दिली, कॉफी दिली, रोजनिशीच्या पानाची नक्कल वाचली आणि मान खाजवली.

"बरं आत्या, मग तिचं खरं नाव काय?"

"माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

"मग दगडावर काय लिहू?"

"लिही, ऑबडाया थर्ल्बी आणि त्याची बायको, जिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही."

ड्वाइटला हसू आवरेना. "असं कुणी दगडावर लिहितं का? लोक म्हणतील, थर्ल्बींना स्वतःची आजी ठाऊक नाही."

"नाहीच ठाऊक! वाटू दे की लाज!"

"आत्या, मेळाव्याला ओहायोपासून माणसं येतायत. चार हजार लोकांनी टॅमसिन लिहिलंय, ते काय सगळे खुळे?"

"सगळ्यांनी माझंच बघून लिहिलंय रे मेल्या! पहिल्या बाकावरच्याचं गणित चुकलं की मागचा सगळा वर्ग चुकतो. तो पहिला बाक म्हणजे मी!"

"तुला विश्रांतीची गरज आहे," ड्वाइट मऊ आवाजात म्हणाला. त्याने तिच्यावर आवाज चढवला असता तरी चाललं असतं, पण हे मऊ बोलणं तिला झोंबलं. वर त्याने असंही सांगितलं, की दगडावरचा कपडा तिनेच ओढायचा आणि दोन शब्द बोलायचे. ती नाही म्हणणार होती. मग तिच्या डोक्यात आलं, की माइक आपल्याच हातात येतोय, आणि ती हो म्हणाली.

ऑगस्टच्या त्या शनिवारी चर्चमागच्या हिरवळीवर दीडशे थर्ल्बी जमले. ऑबडायाच्या ज्या मुलापासून आपला वंश आला त्याच्या रंगाची फीत प्रत्येकाने छातीवर लावायची, हा आम्हा थर्ल्बींच्या मेळाव्याचा रिवाज. अकरा रंग काही मिळाले नाहीत, म्हणून शेवटच्या दोघांच्या वंशजांना ठिपक्याठिपक्यांच्या फिती मिळाल्या आणि ती मंडळी फुरंगटून बसली. राजम्याची भांडी आली, बटाट्याची कोशिंबीर आली. अर्डिस तपकिरी फीत लावून पहिल्या खुर्चीत बसली होती. पर्समध्ये रोजनिशीच्या पानाच्या पन्नास नकला होत्या. बोलायचं ते तिने आरशासमोर सात वेळा म्हणून पाहिलं होतं.

तेवढ्यात एक तरुण बाई समोर येऊन वाकली. तिच्या कडेवर पाच-सहा महिन्यांची मुलगी होती.

"तुम्हीच ना अर्डिस पेक? मी पेन्सिल्व्हेनियाहून आलेय. नाव कोरी. हिला तुम्हाला दाखवायला आणलंय."

"गोड आहे गं."

"हिच्या आधीचे दोघं राहिले नाहीत. एक तर सातव्या महिन्यात गेला." कोरी हसायचा प्रयत्न करत होती. "हिच्या वेळी मी नऊ महिने अंथरुणावर होते. आईने तुमचं पुस्तक दिलं वाचायला. मला वाटलं, त्या काळात, त्या थंडीत या बाईची अकराच्या अकरा जगली. मी रोज तिच्याशी बोलायचे. म्हणून हिचं नाव टॅमसिन ठेवलं."

बाळाने अर्डिसची फीत मुठीत धरून तोंडात घातली. तळं, बर्फ, नऊ वर्षं, सगळं अर्डिसच्या जिभेवर होतं.

ड्वाइटने माइकवरून तिचं नाव पुकारलं. टाळ्या पडल्या. ती दगडापाशी गेली, पर्स उघडली आणि कागदांवर हात ठेवून उभी राहिली. पहिल्या रांगेत कोरीने बाळाला दोन्ही काखांखाली धरून उंच उचललं, म्हातारीला नीट दिसावं म्हणून. अर्डिसला ड्वाइटचा राग आला, ओरेगनच्या त्या गृहस्थाचा आला, ऑबडायाचा तर आलाच, आणि सगळ्यात जास्त आला तो स्वतःचा. तिने पर्स बंद केली.

"ही टॅमसिन विगिन," ती माइकमध्ये म्हणाली. "ऑबडायाची बायको. आपल्या सगळ्यांची आजी."

आणि तिने कपडा ओढला.