मरोळची टिकली

मरोळच्या ज्या कारखान्यात मी घड्याळं जुळवायचे, तिथे कुंकवाला बंदी होती. धर्माबिर्माचं काही नाही. मान खाली घालून काम करताना कपाळावरचं कुंकू भुरभुरत आत पडायचं आणि घड्याळ बंद. सुपरवायझरनं सरळ सांगितलं, टिकली चालेल, कुंकू नाही. मला काय, टिकली आवडायचीच.

पण लग्न होऊन भांडुपला आले आणि सासूबाईंच्या तावडीत सापडले. त्या मालवणकडच्या. त्यांच्या मते टिकली म्हणजे कपाळाला चिकटवलेला कागद. सकाळी मी डबा भरला की त्या समोर उभ्या: आधी मेण, मग त्यावर रुपयाएवढं कुंकू. वाद कोण घालणार? कारखान्यात पोचले की नळावर कपाळ पुसायचे, टिकली लावायचे. संध्याकाळी पर्समधल्या डबीतलं कुंकू लावून घरी. चार महिने ही दुहेरी नोकरी मी सुखानं केली.

मग पहिली संक्रांत आली. हळदीकुंकवाला सासूबाईंनी अख्खी चाळ बोलावली, मी कारखान्यातली मैत्रीण बोलावली, आणि तिथेच वाट लागली. सासूबाई तिला कुंकू लावत असताना ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गं, आज एवढं मोठं कुंकू? तिकडे तर आल्या आल्या पुसून टाकतेस ना."

सासूबाईंनी शांतपणे तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. आता आपली धडगत नाही, नोकरीच सोडायला लावणार, असं मी धरून चालले.

शेवटची बाई गेली. सासूबाई करंडा हातात घेऊन खाली बसल्या.

"टिकलीचा माका सांगूक काय झाला?"

"तुम्ही रागावला असता, आई."

"रागावतलंय, नायतर काय. पण गो, माझ्या झिलाच्या नावाचा कुंकू तू रोज आपल्या हातान पुसलंस?"

नवरा गेल्यावर बाई जे पुसते, ते मी रोज सकाळी गाणं गुणगुणत पुसत होते. इतक्या महिन्यांत हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून टिकल्यांचं पाकीट मागून घेतलं. त्यातली सगळ्यात मोठी निवडली आणि अंगठ्यानं इतकी दाबून बसवली की कपाळ दुखलं.

त्या रात्री झोपताना ती काढायला माझा हात धजला नाही.